स्वमग्न मुले आणि घरची भाषा

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात बेटमा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात गाळलेला काही भाग येथे पुन्हा घेतला आहे.)



वैद्यकाचा माणूस ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते मधुमेह नाहीतर रक्तदाब ऐकण्याच्या तयारीने बसतात. मी लहान मुलांचा डॉक्टर. माझा व्यवसाय मुख्यतः इंदूरला झाला. परंतु अनेक वर्षे आठवड्यातून एक दिवस मी बेटम्याला येऊन बसत असे, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींना मी लहानपणी सुई टोचलेली आहे. त्यांनी आज मला क्षमा करून येथे यावे, ह्यात मी माझा गौरव मानतो.

बेटम्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ते परमार राजा भोजाच्या ताम्रपटामुळे. इसवी सन १०२० च्या ह्या ताम्रपटात कोकण जिंकल्याच्या उत्सवप्रसंगी दिलेल्या दानाची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी माळव्याने कोकणातून विजय आणला. मी आज त्याच किनाऱ्यावरून, गोव्यातून, एक संशोधन आपल्यापुढे आणणार आहे. त्याआधी मात्र मला माझ्या हातून ह्याच गावात घडलेली एक चूक सांगावयाची आहे. ती सांगितल्याशिवाय ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

१९८९ च्या पावसाळ्यातील गोष्ट. येथील एका मराठी कुटुंबातील तीन वर्षांचा मुलगा आईने माझ्याकडे आणला. वडिलांचे खत-बियाण्यांचे दुकान. मुलगा अंगापिंडाने सुदृढ, पण बोलत नव्हता. हाक मारली तर वळून पाहत नव्हता. मी त्याचे वजन पाहिले, छाती तपासली आणि आईला म्हणालो, "मुलगे उशिराच बोलतात हो. ह्याच्या काकाला विचारा, तो केव्हा बोलायला लागला ते." सगळे हसले. आई हसली नाही, हे मला आज आठवते. तेव्हा जाणवले नव्हते.

वर्षाने ती पुन्हा आली. मुलगा बहिरा तर नसेल, म्हणून इंदूरला कानांची तपासणी करविली. कान उत्तम होते. दूरवरच्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला तर तो धावत जाई. फक्त माणसाच्या हाकेने तो वळत नसे. त्या दिवशी तो माझ्या टेबलाभोवती फिरत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "जेवलास का? जेवलास का?" मी टिपणात लिहिले, अर्थहीन बडबड. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, त्याला भूक लागली आहे. त्याची आजी त्याला असे विचारते ना, म्हणून भूक लागली की तो असे म्हणतो." मी मान डोलावली आणि टिपण तसेच ठेवले.

तिसऱ्या खेपेस, मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर, मी जो सल्ला दिला तो सर्वांत वाईट. मी म्हणालो, घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि माळवी, शाळेत इंग्रजी अक्षरे. एवढ्याशा डोक्यात किती भाषा कोंबणार? एकच ठेवा. शाळा हिंदीची आहे, तेव्हा हिंदी ठेवा. मराठी बंद करा.

आईवडिलांना ते जमले. आजी साताऱ्याकडची. लग्न होऊन माळव्यात आल्याला चाळीस वर्षे झाली होती, पण तिची हिंदी भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. तिने आज्ञा अक्षरशः पाळली. डॉक्टरांनी सांगितले आहे, म्हणून ती नातवाशी बोलेनाशी झाली. त्याला भरवी, न्हाऊ घाली, मांडीवर घेऊन बसे, सारे मुक्याने. त्या घरात त्याच्याशी सर्वांत अधिक बोलणारे माणूस माझ्या एका वाक्याने गप्प झाले.

आता त्या मुलाला काय झाले होते, आणि तेव्हा नसलेले ज्ञान आज आपल्याजवळ कितपत आहे, ते पाहू.

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुरेख आहे, आणि तीच त्याची अडचण. स्वमग्न म्हटले की डोळ्यांपुढे समाधीत बसलेला साधक येतो. ही मुले आत कुठल्याशा आनंदात बुडालेली नसतात. अनेकदा बाहेरचे जगच त्यांच्यावर फार मोठ्या आवाजात आणि फार प्रखर उजेडात येऊन आदळत असते. कुकरची शिट्टी, मिक्सर, इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झाँकीतील ढोल, नव्या सदऱ्याच्या गळ्याला टोचणारी चिठ्ठी, ह्यांपैकी एखादी गोष्ट त्यांना असह्य होऊ शकते. तथापि शब्द रुळला आहे आणि दुसरा माझ्याजवळ नाही, म्हणून तोच वापरतो.

मूळ शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर ह्यांचा. त्यांनी १९११ साली तो छिन्नमनस्कतेच्या संदर्भात वापरला. लहान मुलांमधील ह्या वेगळेपणाचे पहिले बारकाईचे वर्णन अनेक वर्षे लिओ कॅनर ह्यांच्या नावावर जमा होते. तसे ते पूर्ण खरे नाही. ग्रुन्या सुखारेवा ह्या सोव्हिएत डॉक्टरांनी सहा मुलांचे असेच वर्णन केले होते आणि ते १९२६ साली जर्मन भाषेत प्रसिद्धही झाले होते. परंतु तिकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्परगर ह्यांचा निबंध १९४४ चा. त्यांच्या नावाने पुढे निदानाचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला. पण मुलांना ठार मारणाऱ्या नाझी यंत्रणेशी त्यांनी सहकार्य केले होते, हे २०१८ साली हेर्विग चेक ह्या इतिहासकाराने कागदपत्रांनिशी दाखविले. आता ते नाव मागे पडते आहे. पडू द्यावे.

कॅनर अमेरिकेत बाल्टिमोरला होते. त्यांच्या १९४३ च्या निबंधात अकरा मुले आहेत, आठ मुलगे व तीन मुली. पहिल्याचे नाव डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या एका लहान गावचा हा मुलगा. त्याच्या वकील वडिलांनी मुलाची सारी हकिगत टंकलिखित तेहतीस पृष्ठांत कॅनरना कळविली होती. मुलाला माणसांत रस नव्हता, भांडी आणि ठोकळे गरगर फिरविण्यात होता. नेहमीच्या क्रमात काही बदल झाला की तो कासावीस होई. आणि तो सर्वनामांची उलटापालट करीत असे. स्वतःला 'तू' म्हणे, कारण लोक त्याला 'तू' म्हणत. मी हा निबंध वाचला तेव्हा त्या मुलाला माझ्याकडे येऊन बारा-तेरा वर्षे होऊन गेली होती. तेथे मी थबकलो. "जेवलास का?" म्हणजे "मला भूक लागली आहे", हे १९४३ पासून छापून तयार होते. मी ज्याला बडबड म्हटले ते वाक्य होते. फक्त ते ज्या तोंडून ऐकले तसेच्या तसे परत केलेले होते. पुढे १९८१ साली बॅरी प्रायझंट व ज्युडिथ डूकन ह्यांनी अशा प्रतिध्वनीसारख्या बोलण्याचा पद्धतशीर अभ्यास करून दाखविले की त्यामागे मागणी, होकार, बोलण्यात आपली पाळी घेणे असे निरनिराळे हेतू असतात. आईला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते.

डोनाल्डची पुढची कथा शेतकऱ्यांच्या ह्या गावात सांगण्यासारखी आहे. १९४२ साली आईवडिलांनी त्याला घरापासून दहाएक मैलांवर एका कुळवाडी जोडप्याकडे ठेवले. कॅनर १९४५ साली तेथे त्याला भेटावयास गेले आणि त्या जोडप्याचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला सतत मोजमाप करण्याचा नाद होता. त्यांनी त्याला विहीर खणावयास लावले आणि किती खोल गेली ते मोजून सांगावयास सांगितले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी. त्यांनी त्याला दफनासाठी जागा नेमून दिली, तेथे तो नावांच्या पाट्या लावी. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी सांगितले, नांगरता नांगरता मोज. कॅनर पाहत असता त्याने सहा लांबच लांब ओळी नांगरल्या, आणि शेवटाला घोडा वळविण्याचे कामही उत्तम केले. त्या दोघांनी मानसशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. मुलाचा नाद मोडून न काढता त्याला कामाची वाट कशी करून द्यावी, हे मात्र त्यांना साधले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, एकटा देशोदेशी फिरला, आणि २०२३ साली एकोणनव्वद वर्षांचा होऊन त्याच गावात वारला. गावाला तो विचित्र वाटे. पण तो गावाचा होता. त्याच्या घरची सांपत्तिक स्थिती चांगली होती आणि ती बँक आईच्या माहेरच्यांची होती, हेही लपवून ठेवू नये. सर्वांच्या आजोळी बँका नसतात.

ह्याच कॅनरकडून एक मोठे नुकसानही झाले. ह्या मुलांचे आईबाप थंड, पुस्तकी, मायेला पारखे वाटतात, असे त्यांनी लिहून ठेवले, आणि पुढे त्याची घोषणा झाली. फ्रिजसारख्या थंड आया मुलांना असे करतात, हे मत अमेरिकेत वीसेक वर्षे राज्य करून गेले. ब्रूनो बेटेलहाइम ह्यांचे १९६७ चे पुस्तक त्याचा कळस. खुद्द कॅनरनी १९६९ साली पालकांच्या सभेत उभे राहून त्यांना निर्दोष ठरविले. पण शिक्षा आधीच भोगून झाली होती. ह्या मताला शास्त्रीय उत्तर प्रथम दिले तेही एका बापानेच. बर्नार्ड रिमलँड हे नौदलातील मानसशास्त्रज्ञ, मुलगा स्वमग्न. त्यांचे पुस्तक १९६४ चे. इंग्लंडच्या डॉ. लोर्ना विंग ह्यांची मुलगी अशीच होती. त्यांनी १९७९ साली ज्युडिथ गूल्ड ह्यांच्यासह लंडनच्या कँबरवेल भागाची पाहणी प्रसिद्ध केली आणि दाखविले की कॅनरच्या चौकटीत नेमकी बसणारी मुले थोडी. त्याच जातीच्या अडचणी कमीअधिक प्रमाणात असणारी मुले कितीतरी अधिक. आज आपण वर्णपट हा शब्द वापरतो तो ह्या विचारातून आला, आणि २०१३ पासून अमेरिकन वर्गीकरणातही एकच व्यापक निदान राहिले.

आनुवंशिकतेचा पहिला भक्कम पुरावा १९७७ चा. सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर ह्यांनी एकवीस जुळ्या जोड्या तपासल्या. एकबीज जुळ्यांच्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोघेही स्वमग्न होते. द्विबीज जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकाही ठिकाणी तसे नव्हते. संख्या लहान होती, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनी दिशा तीच दाखविली. पाच देशांतील वीस लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात आनुवंशिक वाटा सुमारे ८० टक्के निघाला. हे एका जनुकाचे काम नव्हे. शेकडो जनुकांचा त्यात हात आहे. आपल्याकडे मात्र अजून सुनेला विचारतात, गरोदरपणी ग्रहण पाहिलेस का, आणि नोकरी करणाऱ्या आईला विचारतात, बाळाला मोबाइल दिलास का. थंड आईचे आरोपपत्र आपण फक्त माळवी अक्षरात लिहून घेतले आहे.

लसीबद्दल एक वाक्य पुरे. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरून जो संशय उठविला गेला तो निबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, आणि डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात गोवरादी लस आणि स्वमग्नता ह्यांचा संबंध आढळला नाही. गोवर मी पाहिलेला आहे. लस टोचा.

निदानाकडे वळतो. येथे रक्ताची तपासणी नाही, डोक्याचा फोटो काढून उत्तर मिळत नाही. निदान होते ते मुलाकडे पाहून आणि घरच्यांचे ऐकून. म्हणूनच काय पाहावे हे ठाऊक असणे महत्त्वाचे. तेव्हा मी वजन पाहत होतो. मी त्याचे बोट पाहावयास हवे होते.

वर्षाचे मूल अंगणात कडेवर असते आणि आपण म्हणतो, तो बघ चांदोमामा. मूल आपल्या बोटाच्या दिशेने पाहते. थोड्याच दिवसांत ते स्वतः बोट दाखविते आणि मग वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहते, तुम्हीही पाहिलात ना, याची खात्री करण्यासाठी. चंद्र त्याला नको असतो. त्याला तो आपल्याबरोबर पाहावयाचा असतो. मागण्यासाठी केलेले बोट आणि वाटून घेण्यासाठी केलेले बोट ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी दीड वर्षांपर्यंत दिसली नाही तर चौकशी करावी. स्वमग्न मूल पुष्कळदा मोठ्या माणसाचे मनगट धरून ते डब्यापर्यंत नेते, जणू हात हे एक अवजार आहे. भातुकलीत इतर मुले खोटा चहा पितात. हे मूल कपबश्या ओळीने लावते आणि ओळ मोडली की आकांत करते. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेली एम-चॅट ही प्रश्नावली अशाच प्रश्नांची आहे. तिच्यातून निदान होत नाही, पुढे तपासणी हवी की नको एवढे कळते. त्यासाठी शहर लागत नाही. अंगणवाडीची बाई ती विचारू शकते.

परंतु प्रश्नावली परदेशातून आली की तिच्याबरोबर परदेशी रीतही येते. मूल डोळ्याला डोळा देते का, हा तेथे ठळक प्रश्न. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत रोखून पाहणाऱ्या मुलाला आपणच उद्धट म्हणतो. हाकेला ओ देतो का, हे विचारताना कोणत्या नावाने हाक मारलीत हेही विचारावे लागते. पाळण्यातले नाव कागदावर आणि घरात बाळ्या, छोटू, सोन्या. म्हणून भारतीय साधनांची गरज होती. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली चाळीस बाबींचे मापक तयार केले. तेच पुढे सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरात आले, आणि त्यात ७० गुणांच्या पुढे स्वमग्नता धरतात. इनक्लेन ह्या संशोधकांच्या संघटनेने दोन ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी केलेले निदानसाधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. शासकीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली, योगायोगाने महाराष्ट्रातील पालघर येथून, सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावयाची असतात, आणि शंका आल्यास मुलाला जिल्हा केंद्राकडे पाठवावयाचे असते. 'असतात' आणि 'येतात' ह्यांतले अंतर आपण जाणता. ते अंतर आपण येथे बसून मोजू शकतो. अंगणवाडीत जाऊन विचारले की झाले.

जगभरचा ढोबळ अंदाज शंभर मुलांत एक असा आहे. बेटम्याच्या शाळांत हजार मुले धरली तरी दहा होतात. ही दहा मुले कोठे आहेत? काही मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर, काही वात्रट म्हणून वर्गाबाहेर, आणि काही घरात.

डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधील संशोधक स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी असा मुद्दा मांडला की स्वमग्न माणसाला दुसऱ्याचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण आपल्याला तरी त्याचे मन कोठे कळते? समजुतीचा तुटवडा दोन्ही काठांवर आहे. मला हा मुद्दा मान्य करण्यासाठी पुराव्याची गरज पडली नाही. चार वर्षांचा मुलगा मला शुद्ध मराठीत भूक सांगत होता आणि न समजणारा मी होतो.

आता भाषेचा प्रश्न. मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीत हा विषय मी निवडला तो ह्याच्याचसाठी. मी जो सल्ला दिला तो माझ्या एकट्याचा नव्हता. तो जगभर दिला जात असे आणि अजूनही दिला जातो. तर्क सोपा होता: बोलण्यात अडचण आहे, मग ओझे कमी करा. २०१२ साली कॅनडातील हॅम्ब्ली आणि फोंबॉन ह्यांनी ७५ स्वमग्न मुलांची तुलना केली. काही एकाच भाषेच्या घरातील, काही दोन भाषा कानांवर पडणाऱ्या घरांतील. दोन भाषांच्या मुलांत भाषेचा जास्तीचा उशीर आढळला नाही. नंतरचे अभ्यासही बहुतेक हेच सांगतात. दोन भाषांनी स्वमग्नता बरी होते असे कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण दोन भाषांनी ती वाढते, ह्याला आधार नव्हता. मी जे शास्त्र म्हणून सांगितले ते अनुमान होते.

अनुमान चुकले कोठे, तेही समजण्यासारखे आहे. ह्या मुलांची अडचण शब्दांच्या संख्येत नसते. बोलणे कशासाठी असते, समोरच्याच्या मनाशी त्याचा काय संबंध, हे उमगण्यात ती असते. ते उमगण्याची जागा म्हणजे भरवताना, न्हाऊ घालताना, चांदोमामा दाखविताना चालणारे सैल, निरर्थक, प्रेमाचे बोलणे. ते माणूस मोडक्या भाषेत करीत नाही. मोडक्या भाषेत आपण हुकूम देतो: बस, ऊठ, खा, नको. आईवडील घरची भाषा सोडतात तेव्हा मुलाच्या वाट्याला हुकूम उरतात. आणि आजीसारख्याला हुकूमही येत नसले, तर काहीच उरत नाही. इंदूर, देवास, धार, उज्जैन येथील किती मराठी घरांनी असा सल्ला पाळला असेल, मला सांगता येत नाही. आपल्या ओळखीत असे घर असेल तर त्यांना एवढे कळवा की भाषा सोडण्याची गरज नाही.

मग आधार द्यावयाचा कसा? आता तो गोव्याचा अभ्यास. संगथ ही संस्था गोव्यात १९९६ पासून काम करते. डॉ. गौरी दिवाण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम गोव्यातील कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. घरे आधी समाजातून अंग काढून घेतात, मग हळूहळू परत येतात. आणि डॉक्टर, शिक्षक, धर्मस्थानांतील मंडळी ह्यांना ह्या कुटुंबांच्या गरजांची फारशी जाण नसते, असे त्यातून निघाले. त्या वाक्यातील डॉक्टर मी ओळखला.

पुढचे पाऊल अधिक धीराचे. इंग्लंडमध्ये तज्ज्ञांकरवी चालणारी एक उपचारपद्धती त्यांनी घेतली आणि ती गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत साध्या, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकविली. बारा बैठका. कार्यकर्ती आई आणि मूल खेळत असताना त्यांचे चित्रण करते, मग दोघी बसून ते पाहतात. आईला उपदेश नाही. हे पाहा, येथे त्याने तुमच्याकडे पाहिले. येथे तो थांबला. तुम्ही थोडे थांबला असता तर? आई स्वतःच ओळखू लागते की मुलगा बोलावतो आहे, फक्त तो तिने ठरविलेल्या खुणेने बोलावत नाही. पासष्ट मुलांवरील ह्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने अधिक घेऊ लागले, आणि मुले आपण होऊन संवाद अधिक वेळा सुरू करू लागली. एका बाबतीत उलट झाले: दोघांनी एकाच गोष्टीत लक्ष गुंतवून राहण्याचा वेळ उपचार घेतलेल्या गटात कमी निघाला. संशोधकांनी तेही छापले. मला ह्या अभ्यासाबद्दल विश्वास वाटतो तो ह्या छापण्यामुळे. जे औषध सर्व रकान्यांत गुण दाखविते त्याच्याकडे मी संशयाने पाहतो.

आणि अशी औषधे विकणारे फार आहेत. मूळ पेशींची सुई देऊन स्वमग्नता घालवू असे सांगून लाखो रुपये घेणारे आहेत; राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या मंडळाने २०२२ साली ह्या उपचाराची शिफारस नाही असे स्पष्ट केले. घर गहाण टाकून अशा ठिकाणी जाऊ नका.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण कार्यक्रमानंतर हेच विचारले जाणार आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. पालकांच्या रेट्याने १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला, त्यात ते आले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि त्यात ते कायम झाले. न्यासाच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. आपल्या राज्यात सीहोरला मानसिक आरोग्य पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था झाली आहे. आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. हे शेवटचे फार थोड्यांना ठाऊक असते. आईबाप पन्नाशी उलटले की रात्री एकच प्रश्न त्यांना झोपू देत नाही, आमच्यामागे ह्याचे काय. समितीचा कागद हे त्याचे उत्तर नव्हे, पण बँकेच्या खिडकीवर तोच कागद विचारतात.

तो मुलगा आता चाळिशीला आला आहे. त्याचे निदान व्हायला सोळावे वर्ष उजाडले, आणि ते माझ्या हातून झाले नाही. आईने काढलेल्या वाटेवरच तो चालला: आधी घरी, मग दुकानात पोत्यांची मोजदाद, आणि गेली काही वर्षे दुपारी दोन तास ग्रंथालयात. परत आलेली पुस्तके दाखल क्रमांकाप्रमाणे लावणे हे त्याचे काम. त्याला विलक्षण स्मरणशक्ती वगैरे आहे, असे मी सांगावे अशी आपली अपेक्षा असेल. तशी ती नाही. अशा देणग्या थोड्यांनाच असतात आणि बाकीच्यांना त्या नसल्याबद्दल ऐकून घ्यावे लागते. तो काम नीट करतो. कोणी मधेच पुस्तक उलटे खोचले तर त्याचा दिवस बिघडतो. बोलणे मोजके, बहुतेक हिंदीत.

आजी १९९७ साली गेली. मी तिच्याकडे कधी क्षमा मागितली नाही, कारण माझी चूक मला कळली तीच तिच्यानंतर चार-पाच वर्षांनी. आईकडे मागितली. ती म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार, डॉक्टरसाहेब? पण त्या रात्री निजताना आजी त्याच्याशी बोलत असत हो. दार लावून. आम्हाला ऐकू येई, आम्ही काही म्हणालो नाही."

आज सायंकाळी व्याख्यानाला आत येत असता तो दाराशी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, माझ्या हातातील पुस्तकाकडे पाहत म्हणाला, "जेवलास का?" त्याला 'अहो' अजून आलेले नाही, आणि ती वेळ त्याच्या जेवणाची असते, हे मला आता ठाऊक आहे. मी त्याच्या आईला शोधायला आत गेलो, म्हणून कार्यक्रमाला दहा मिनिटे उशीर झाला.